नामशेष : झाडांच्या लॅटिन नावांच्या अभ्यासाला प्रस्तावना

"कोरम भरला का जी?"

धानोरा तालुक्यातल्या एका गावात मोहाच्या सावलीत मी बसलो होतो. खाली ताडपत्री, मध्ये पाण्याचा गुंड, ठरावाच्या वहीला प्लॅस्टिकचं कव्हर. सामूहिक वनहक्काचा विषय होता. वनहक्काच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा सभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. पुरुष येऊन बसले होते. बाया मोहफुलं वेचायला गेल्या होत्या, त्या परतायच्या होत्या. वहीवाल्या पोराने दोनदा डोकी मोजली आणि मान हलवली. मग ओसरीवरून एक म्हातारी गोंडीत काहीतरी मोठ्याने बोलली. माझं गोंडी कच्चं आहे, पण त्या वाक्याच्या ऐन मध्यावर 'कोरम' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

तो शब्द लॅटिन आहे. नुसता लॅटिनवरून आलेला नाही, अख्खाच्या अख्खा लॅटिन आहे. 'जो' या सर्वनामाची षष्ठी, अनेकवचन : 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडच्या राजाकडून न्यायाधीशांना नेमणुकीचं पत्र जायचं, त्यात काही ठरावीक माणसांबद्दल लिहिलेलं असायचं की 'ज्यांच्यापैकी तुम्ही एक असायला हवं'. या वाक्याची सुरुवात 'कोरम'ने व्हायची. वाक्य गेलं, सुरुवातीचं सर्वनाम तेवढं मागे राहिलं आणि त्याचा अर्थ झाला 'सभेला लागणारी किमान डोकी'. वहीत वर 'अजेंडा' लिहिला होता, तोही लॅटिनच : 'करावयाच्या गोष्टी'. संस्कृतात 'कर्तव्यानि' म्हणताना आपण धातूला जे करतो, तेच तिथे केलं आहे. आणि तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर जे 'अफिडेव्हिट' टाइप करून मिळतं, ते तर पूर्ण क्रियापद आहे : 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. टपरीवाला दिवसभर लॅटिन वाक्यं विकतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे पुस्तक ज्या विषयाचं आहे त्याच्या दाराशी हा प्रसंग मुद्दाम ठेवला आहे. विषय आहे झाडांची, प्राण्यांची आणि दगडात सापडणाऱ्या जीवांची लॅटिन नावं. म्हणजे ती बनतात कशी, बदलतात का, वाचायची कशी. पुस्तक चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलात काम करणाऱ्यांसाठी आहे. वन अकादमीत शिकायला आलेली पोरं, बीटवर फिरणारे वनरक्षक, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, जैवविविधता नोंदवही भरणारे ग्रामसभेचे लोक, आणि काही कारण नसताना झाडांची नावं विचारत सुटणारी माणसं. शेवटच्या जातीचा मीही एक. पस्तीस वर्षं हा विषय शिकवला. दर वर्षी पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एक प्रश्न यायचा : "सर, मेलेली भाषा शिकून काय करायचं?"

प्रश्न चांगला आहे. मी मात्र बरीच वर्षं त्याला चुकीचं उत्तर देत होतो.

आधी 'मेलेली' म्हणजे काय ते पाहू. माझ्या टेबलावर चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातला शेलचा एक तुकडा आहे, तळहाताएवढा. त्यावर पानाचा ठसा. मधोमध जाड शीर, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक जाळी, टोक गोलसर. 1828 साली ब्रोन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने याचं नाव ठेवलं ग्लॉसोप्टेरिस. ग्रीकमध्ये 'ग्लोसा' म्हणजे जीभ आणि 'प्टेरिस' म्हणजे नेचं. जिभेसारखं नेचं. पुढे कळलं की हे नेचं नव्हतंच, बी धरणारं झाड होतं. पण एकदा ठेवलेलं नाव तसंच राहिलं. ग्रीकांच्या 'ग्लोसा'चा आणि रोमनांच्या 'लिंग्वा'चा एक अर्थ तोंडातली जीभ आणि दुसरा अर्थ भाषा. म्हणजे माझ्या टेबलावर दगड झालेली जीभ आहे. ती मेली आहे यात वाद नाही. तिचं कुणीही वंशज म्हणून आज इथे उभं नाही.

लॅटिनचं तसं झालं नाही. तिला मरणाची तारीख नाही. रोमन साम्राज्याच्या मुलखात आया मुलांशी बोलत राहिल्या, मुलं थोडी वेगळी बोलली, त्यांची मुलं आणखी वेगळी. 813 साली तूर इथे बिशपांची परिषद भरली. प्रवचनं लोकांना कळतील अशा गावठी रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत द्या, असं तिथे ठरलं. म्हणजे तोवर चर्चमधली लॅटिन आणि अंगणातली भाषा यांची ताटातूट झाली होती. अंगणातल्या भाषेची पुढे इटालियन झाली, फ्रेंच झाली, स्पॅनिश झाली, पोर्तुगीज झाली. कुणी एका रात्री लॅटिन सोडली आणि सकाळी फ्रेंच धरली असं घडलं नाही.

आपल्याला हे नवं नाही. महाराष्ट्री प्राकृत आज कुणाच्या घरात बोलली जात नाही, म्हणून तिला 'मेलेली' म्हणायला मराठी माणसाची जीभ रेटत नाही. ती मराठीची आई किंवा आजी, एवढंच आपण म्हणतो. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृत आणि पालीलाही दिला. आई, मावशी आणि लेक एकाच यादीत बसल्या. मग इटालियन माणसानेही लॅटिनला आजी म्हणायला काय हरकत आहे? आजी वारली असं म्हणता येतं, पण निर्वंश झाली असं म्हणता येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे देवटेक नावाचं गाव आहे. तिथल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. एक अशोकाच्या काळातला मानला जातो, प्राकृतातला. त्यात प्राणी पकडायला आणि मारायला मनाई केलेली आहे. दुसरा वाकाटक राजा रुद्रसेनाचा, संस्कृतातला, मध्ये पाच-सहाशे वर्षं गेल्यानंतरचा. वा. वि. मिराशी यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले. मला या शिळेची गंमत वाटते ती क्रमाची. खाली लोकांच्या बोलण्यातली भाषा, आणि तिच्यानंतर तिच्याहून जुन्या वळणाची, कुणाच्याच घरात न बोलली जाणारी भाषा. भाषांचा जन्म-मृत्यू सरळ रेषेत चालत असता तर हा क्रम उलटा पडला असता. राजाला दगडावर काहीतरी टिकाऊ कोरायचं होतं आणि त्यासाठी त्याने मुद्दाम न बोलली जाणारी भाषा निवडली. कार्ल लिनियसने 1753 साली झाडांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत रूढ केली, तेव्हा त्याच्या मनात वेगळं काही नव्हतं. तेव्हा युरोपातले विद्वान एकमेकांना पत्रंही लॅटिनमध्येच लिहीत.

मराठीत एक शब्द आहे : नामशेष. आपण तो 'नष्ट झालेला' या अर्थी वापरतो, पण शब्द फोडला की निघतं 'ज्याचं नाव तेवढं शिल्लक आहे ते'. माझ्या मते लॅटिनला लावायला एवढा नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडायचा नाही. अंगाई गेली, भांडण गेलं, शिव्या गेल्या, बाजार गेला. राहिली ती नावं. पण नावं किती! आणि नुसती राहिली नाहीत, रोज नवी पडत आहेत. आणि हे 'नाम'सुद्धा परकं नाही : लॅटिनमध्ये नावाला 'नोमेन' म्हणतात आणि 'नोमेन' व 'नाम' हे एकाच मुळाचे शब्द आहेत.

आता थोडं जंगलात जाऊ. माझ्या आवडीची जागा तीच आहे.

सागापासून सुरुवात करतो, कारण आलापल्लीला आलेला माणूस आधी त्याच्याचकडे मान वर करून पाहतो. टेक्टोना ग्रँडिस. 'ग्रँडिस' म्हणजे थोरला, भव्य. तो शब्द शुद्ध लॅटिन. 'टेक्टोना' मात्र लॅटिनचे कपडे घालून आलेला पाहुणा आहे. मलबारात या झाडाला तेक्कु म्हणतात, पोर्तुगिजांनी त्याचं 'तेका' केलं, आणि 1782 साली लिनियसच्या मुलाने त्याला शास्त्रीय नावात बसवताना ग्रीक 'तेक्तोन', म्हणजे सुतार, याच्याशी त्याचं वळण जुळवून घेतलं. गोंडीत सागाला 'टेका' म्हणतात. द्राविडी भाषांचा हा एकच शब्द, मलबारपासून भामरागडपर्यंत पसरलेला. म्हणजे शास्त्रीय नावाच्या जवळचा शब्द कुणाच्या तोंडी आहे? 'साग' म्हणणाऱ्या माझ्या तोंडी नाही. टेका म्हणणाऱ्या पोराच्या तोंडी आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची एटापल्लीची, कुरखेड्याची मुलं पुढे सरकून बसायची. मला हा तास फार आवडायचा.

हळदूचं तर याहून सरळ. पूर्वी तो अ‍ॅडिना कॉर्डिफोलिया होता. 1978 साली त्याची वेगळी प्रजाती केली आणि तिचं नाव ठेवलं हॅल्डिना. हळदू, लॅटिनच्या शेपटीसकट. 'कॉर्डिफोलिया' म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची.

रोहनाकडे मात्र जरा थांबा. उंच, खरबरीत, लालसर सालीचं झाड. सालीचा तुकडा दाताखाली धरला तर तोंड मिनिटभर कडू राहतं. याचं नाव सोयमिडा फेब्रिफुगा. 'सोयमिडा' हे तेलुगू नावावरून आलं. 'फेब्रिस' म्हणजे ताप, 'फुगारे' म्हणजे पळवून लावणं; फेब्रिफुगा म्हणजे तापाला हुसकणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग या कंपनीच्या डॉक्टरने सिंकोनाच्या सालीला पर्याय म्हणून हिची शिफारस केली होती. 1794 साली एडिंबरोमध्ये अँड्र्यू डंकन याने डॉक्टरकीसाठी याच झाडावर प्रबंध लिहिला, आणि तो लॅटिनमध्ये होता, कारण तिथे तेव्हा तसाच नियम होता. हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या आपल्या मुलखातल्या झाडाच्या सालीबद्दल, तेलुगू नाव घेऊन, स्कॉटलंडमध्ये, रोमच्या भाषेत. हिवतापावर रोहन पुरा पडला नाही, पण नावात तो दावा अजून आहे.

मोहाच्या नावात गोंधळ आहे, तोही सांगायला हवा. रॉक्सबर्गने आपल्या मोहाला बॅसिया लॅटिफोलिया म्हटलं होतं. बॅसिया हे बोलोन्याच्या फेर्दिनांदो बासी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. पण ते नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं निघालं. मग संस्कृत 'मधूक'वरून केलेलं मधुका पुढे आलं. आता आपल्या झाडाचं पूर्ण नाव होतं मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया : 'लांब पानांची मधुका, तिचा रुंद पानांचा प्रकार'. ऐकून हसू येतं. कारण असं की आधी वर्णन झालं ते दक्षिणेतल्या लांबट पानांच्या झाडाचं. आपला रुंद पानांचा मोह नंतर तिच्या घरात धाकटा म्हणून गेला. जुन्या बागांमधल्या पत्र्याच्या पाट्यांवर अजून 'बॅसिया' दिसतं. पाटी खोटी नाही, जुनी आहे.

आता व्याकरणाबद्दल थोडं, कारण 'मेलेली' या शब्दाला सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो. मेलेल्या माणसाला सर्दी होत नाही; मेलेल्या भाषेत व्याकरणाच्या चुका कशा होतील? पण होतात, आणि अजून सुधारल्या जातात. मी विद्यार्थी असताना हर्बेरियमच्या कागदावर पिंपळाचं नाव 'फायकस रिलिजिओसस' असं लिहिलं होतं. 'फायकस'ला 'अस' आहे तर पुढच्यालाही 'अस' हवं, हा माझा हिशेब. शिक्षकांनी लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं : "झाड बाई आहे." रोमनांच्या बोलण्यात झाडं बहुतेक स्त्रीलिंगी, मग नावाचं शेपूट कसंही असो. म्हणून फायकस रिलिजिओसा, फायकस रेसिमोसा. पिंपळ आणि उंबर मराठीत बाप्ये, लॅटिनमध्ये बाया. बाभूळ, चिंच आणि बोरीला स्त्रीलिंगी म्हणणाऱ्याला यात अवघड काय आहे? लिंग, वचन, विभक्ती हे सगळं शाळेत घोकून बसलेल्या मराठी मुलाला लॅटिनची अर्धी वाट आधीच चाललेली असते. इंग्रजीतून जाणाऱ्याला ती सगळी नव्याने चढावी लागते.

षष्ठीचं उदाहरण सिरोंच्याकडचं देतो. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात कोटा नावाने ओळखले जाणारे खडकांचे थर आहेत, जुरासिक काळातले. त्यात एका अवाढव्य, लांब मानेच्या डायनासोरची हाडं सापडली. 1975 साली त्याचं नाव प्रसिद्ध झालं : बारापासॉरस टागोरेई. 'बडो पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय, 'सॉरस' ग्रीक सरडा, आणि 'टागोरेई' म्हणजे टागोरांचा. कारण उत्खननाचं काम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 1961 साली झालं होतं. आपल्या 'चा'चं काम तिथे एक बारीकसा 'ई' करतो. बाईच्या नावाला वेगळा प्रत्यय, अनेक माणसांच्या नावाला वेगळा. अनेकांचा प्रत्यय आहे 'ओरम'. तोच, ग्रामसभेतल्या 'कोरम'मधला.

आणि चुका? त्याही गोड आहेत. ब्रह्मपुरीच्या बाजूला ज्याच्या भीतीने माणसं तेंदूपत्ता तोडायला जोडीने जातात, त्या अस्वलाचं नाव मेलर्सस अर्सिनस. 'मेल' मध, 'अर्सस' अस्वल (संस्कृत 'ऋक्ष' याचाच भाऊ), 'अर्सिनस' अस्वलासारखा. मधाचं अस्वल, जे अस्वलासारखं आहे! झालं असं की 1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रजाने त्याची लांब नखं पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या आळशी प्राण्यांत घातलं, आणि 'त्यातला अस्वलासारखा दिसणारा' म्हणून अर्सिनस म्हटलं. दोन वर्षांत चूक कळली, घर बदललं, विशेषण मात्र सोबत आलं.

आता माझ्या चुकीच्या उत्तराकडे येतो. मुलांनी विचारलं की मी सांगायचो : लॅटिन मेलेली आहे म्हणूनच निवडली, मेलेली भाषा बदलत नाही, त्यामुळे नावं कायम राहतात. हे उत्तर बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. ते अर्धवट आहे, आणि मला ते धावड्याने शिकवलं. जन्मभर मी धावड्याला अ‍ॅनोगायसस लॅटिफोलिया म्हणत आलो. 2017 साली जनुकांच्या अभ्यासावरून ठरलं की धावडा हा ऐन, अर्जुन, हिरडा आणि बेहडा यांच्याच कुळीतला, टर्मिनेलिया. मग टर्मिनेलिया लॅटिफोलिया म्हणायचं? तेही जमेना, कारण त्या नावावर अठराव्या शतकापासून वेस्ट इंडीजच्या एका झाडाचा हक्क होता. शेवटी ठरलं टर्मिनेलिया अ‍ॅनोगायसियाना. सासरचं आडनाव लागलं, माहेरची खूण मधल्या नावासारखी राहिली. ऐनाचंही तेच : जुन्या कार्य आयोजनांमध्ये टर्मिनेलिया टोमेंटोसा, नव्यात टर्मिनेलिया इलिप्टिका. या सगळ्या काळात गावातलं नाव काय होतं? धावडा. आणि येन.

म्हणजे टिकतं ते नाव नव्हे. टिकतो तो नाव बदलण्याचा नियम. कुठलं नाव आधीचं, कुठलं दुसऱ्याने घेतलेलं, कुठलं चुकीचं असूनही चालवून घ्यायचं, याचा एक कायदा आहे, आणि त्या कायद्याची बोली लॅटिन आहे. लॅटिनचं काम निर्जीव खुंट्यासारखं नाही. ते पंचासारखं आहे. कुणाच्याच घरातली नाही, म्हणून भांडणात तिला मध्ये बसवता येतं. स्वीडिश माणसाला जपानी नाव आणि जपान्याला तमिळ नाव सोसावं लागत नाही. कायदाही हलतो : 1935 पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं, 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालते. वर्णन सुटलं, नाव मात्र लॅटिन घडणीचंच लागतं. लॅटिनची आणखी एक कोपऱ्यातली वस्ती हलली असं म्हणा.

आणि असे कोपरे अजून आहेत. 11 फेब्रुवारी 2013 ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पद सोडत असल्याचं लॅटिनमध्ये जाहीर केलं. तिथल्या वार्ताहरांपैकी जोव्हान्ना किर्री या इटालियन बाईंना लॅटिन येत होतं. त्यांनी ऐकलं, समजून घेतलं, आणि ती बातमी जगाआधी दिली. एका मेलेल्या भाषेने एका जिवंत बातमीदाराला त्या दिवशी जन्माची बातमी दिली.

इथपर्यंत मी लॅटिनची वकिली केली. आता उलट बाजू, आणि ती या पुस्तकाच्या मुलखातलीच आहे. 2011 च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821 लोक होते. गोंडी सांगणारे साडेएकोणतीस लाखांवर. संस्कृत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. मी संस्कृतच्या विरोधात बोलत नाही, तिच्याच जोरावर मी वर 'कर्तव्यानि' लिहिलं. पण झाडांच्या यादीचा कागद समोर घ्या. पहिला रकाना 'शास्त्रीय नाव', दुसरा 'स्थानिक नाव'. शास्त्रीय रकाना बिनचूक भरलेला असतो, तिरप्या टायपातला. स्थानिक रकान्यात मराठी नाव असतं, फार झालं तर हिंदी. ज्या पोराने झाड दाखवलं, साल ओरबाडून वास द्यायला लावला, त्याच्या आईच्या भाषेतलं नाव त्या रकान्यात क्वचितच. लॅटिनला बोलणारी आई नाही, पण रकाना आहे. गोंडीला, माडियाला आया आहेत, रकाना नाही. मग मेलेली कुठली आणि जिवंत कुठली, याचा निकाल नुसत्या बोलणाऱ्यांच्या संख्येवर लागत नाही. कागदावर कुणाला जागा मिळते, तेही बघावं लागतं.

याच्यापेक्षा चांगलं करता येतं हे जुन्या लोकांनी दाखवलं आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ काढला, 1678 ते 1693 या काळात. त्यात मल्याळी नावं मल्याळी लिपीत आहेत, आणि रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष नागरी अक्षरांत, कोकणीत छापलेली आहे. लॅटिन पुस्तकाने त्यांची अक्षरं गिळली नाहीत. आपल्याकडे नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप कोट्याच्या खडकांतले मासे गोळा करून लंडनला लॅटिन नावं मिळवायला धाडत होता, आणि दुसऱ्या वहीत लिंगोची गोंडी गाणी शब्दाला शब्द लावून उतरवून घेत होता. 1863 साली टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना तो बुडाला. कागद मागे राहिले, ते रिचर्ड टेंपल याने 1866 साली छापले. राणी बंग यांचं 'गोईण' वाचलं नसेल तर या पुस्तकाआधी ते वाचा. गडचिरोलीच्या बाया झाडांबद्दल काय जाणतात ते त्यात आहे. तिथे लॅटिन नाव पाहुण्यासारखं येतं, घरधनीण बाई असते.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक झाडाला चार नावं दिली आहेत : लॅटिन, मराठी, गोंडी किंवा माडिया, आणि सिरोंच्याच्या बाजूचं तेलुगू. जिथे नाव गावागावाला बदलतं तिथे गावाचं नाव लिहिलं आहे. काही ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या वाचणाऱ्याने भराव्यात. पेन्सिलीने भरा. बदलावं लागतं.

उच्चारांचा धसका घेऊ नका. पुण्याचा प्राध्यापक एक म्हणेल, डेहराडूनचा दुसरं, आणि सिसरो या दोघांनाही हसला असता. त्याच्या काळी 'सिसरो'चा उच्चारच 'किकेरो' होता. देवनागरीत लिहिलेलं लॅटिन जसं दिसतं तसं वाचा, ऱ्हस्व-दीर्घ जपा, बस. नावं पाठही करू नका. फोडा. 'लॅटि' रुंद, 'लाँगि' लांब, 'पार्व्हि' लहान, 'फोलिया' पानांची : एवढ्या चार तुकड्यांवर धावड्याचं जुनं नाव, मोह, शिसम आणि कळंब एका दुपारी हाताशी येतात.

पहिला पाठ पळसाचा घेतला आहे, कारण मी हे लिहितोय तेव्हा मूल रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो पेटलेला आहे. ब्युटिया मोनोस्पर्मा. ब्युटिया हे ब्यूट या स्कॉटिश सरदाराच्या नावावरून. त्याला वनस्पतींचा नाद होता आणि मध्ये जेमतेम वर्षभर तो ब्रिटनचा पंतप्रधानही होता. याचं आधीचं एक नाव होतं ब्युटिया फ्राँडोसा, म्हणजे पर्णसंभाराची, आणि ज्या झाडावर फुलांच्या दिवसांत औषधालाही पान नसतं त्याला हे नाव कसं शोभत होतं ते त्या पाठात येईल. 'मोनोस्पर्मा'चा अर्थ एकबीजी. तो माझ्या शब्दावर मानू नका. महिना-दीड महिन्याने शेंगा वाळून खाली पडतील, चपट्या, कागदासारख्या हलक्या. एक उचला, देठाकडून चाचपत टोकाकडे जा आणि टोकाशी फोडा. आत एकच पळसपापडी निघेल.